मानीचा धर्म : एका विश्वधर्माचा उदय व लोप

धर्मप्रसाराचा इतिहास बहुधा विजयी धर्मांचाच लिहिला जातो. बौद्ध, ख्रिस्ती व इस्लाम हे तीन धर्म आपापल्या जन्मभूमीच्या सीमा ओलांडून नाना वंशांच्या व नाना भाषांच्या लोकांत पसरले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आणि ते कशामुळे पसरले ह्याची कारणेही आता ठरून गेल्यासारखी झाली आहेत. संस्थापकाचे असामान्य चारित्र्य, अनुयायांचा शिस्तबद्ध संघ, लोकभाषांचा अवलंब, व्यापाऱ्यांच्या तांड्यांची सोबत, एखाद्या राजाचा आश्रय आणि छळ सोसण्याची तयारी, एवढी सामग्री जमली की धर्म दिगंतास जातो, असे सामान्यतः सांगितले जाते. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु ती पुरेशी आहेत काय, हे ठरविण्यास विजयी धर्मांकडे पाहून भागत नाही. ज्याच्यापाशी ही सर्व सामग्री होती आणि तरीही जो टिकला नाही, असा एखादा धर्म घेऊन त्याची परीक्षा करावी लागते.

असा एक धर्म इतिहासात होऊन गेला आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात बाबिलोनच्या प्रदेशात तो जन्मास आला. शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत पश्चिमेस उत्तर आफ्रिकेपर्यंत व पूर्वेस वंक्षु नदीच्या पलीकडे पोचला. पुढे चीनच्या राजधानीत त्याची मंदिरे झाली, एका बलाढ्य तुर्की राज्याचा तो राजधर्म झाला, आणि एकंदर हजार वर्षांहून अधिक काळ तो जगला. त्याचा संस्थापक मानी. आज ह्या धर्माचा परंपरेने चालत आलेला संघ पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. इतका मोठा धर्म इतका निःशेष कसा झाला, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. त्याच्या उत्तरात इतर धर्म का टिकले ह्याचेही उत्तर थोडेबहुत सापडते असे आम्हास वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मानीविषयीची माहिती जवळजवळ सर्वस्वी त्याच्या शत्रूंच्या तोंडून मिळत असे. ख्रिस्ती आचार्यांचे खंडनग्रंथ, मुसलमान पंडितांचे संग्रह व जरथुस्त्री दस्तुरांचे वादग्रंथ ही ती साधने. ह्यांपैकी शेवटल्या वर्गातला एक ग्रंथ आपल्या मुंबईतच छापला गेला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. नवव्या शतकात मर्दान-फर्रुख नामक जरथुस्त्री पंडिताने 'शिकंद-गुमानिक विजार', म्हणजे संशयाचे निरसन करणारे विवेचन, ह्या नावाचा पहलवी ग्रंथ रचला. पुढे गुजरातेतील नेर्योसंग धवल ह्या विद्वान पारशी धर्मोपाध्यायाने त्याचे पाझंदात व संस्कृतात रूपांतर केले. आणि पुण्याचे दस्तुर होशंग जामास्पजी व डॉ. वेस्ट ह्या उभयतांनी इ. स. १८८७ मध्ये तो मुंबईस प्रसिद्ध केला. त्याच्या सोळाव्या प्रकरणात मानीच्या मताचा समाचार घेण्यास ग्रंथकार सरसावला आहे, पण ते प्रकरण पुरे होण्यापूर्वीच ग्रंथ तुटतो. वादीचे ग्रंथ जळाले, प्रतिवादीचेही अर्धवट उरले, अशी ही साधनांची अवस्था होती.

नंतर मात्र भूमीने एकामागून एक साक्षी बाहेर काढल्या. चिनी तुर्कस्थानातील तुर्फानच्या परिसरात जर्मन संशोधकांनी १९०२ ते १९१४ ह्या काळात चार मोहिमा केल्या, आणि तेथील वाळूत व कोसळलेल्या भिंतींखाली मानीच्या संघाची पुस्तके सापडली. १९०४ मध्ये म्युलर ह्यांनी त्यांतील लिपी वाचली. ल कॉक ह्यांनी लिहून ठेवले आहे की, ते तेथे पोचण्यापूर्वी काही वर्षे एका शेतकऱ्याला अशाच हस्तलिखितांचा गाडे भरतील एवढा साठा मिळाला होता. पण त्या परक्या अक्षरांची भीती वाटून त्याने तो सारा नदीत लोटून दिला. पुढे १९२९ मध्ये मिसरात मदिनत-मादी येथे कॉप्टिक भाषेतील ग्रंथ मिळाले, आणि १९६९ मध्ये कोलोन येथील संग्रहातील एक ग्रीक पुस्तक उकलण्यात आले. त्याचे पान साडेचार सेंटिमीटर उंच व साडेतीन सेंटिमीटर रुंद एवढेच आहे. मुठीत सहज लपेल अशा त्या पुस्तकात मानीच्या बाळपणाची हकीकत आहे.

मानीचा जन्म १४ एप्रिल २१६ रोजी झाला. पित्याचे नाव पातिग. मद्य, मांस व स्त्री ह्यांपासून दूर राहा अशी वाणी त्याला एका देवळात ऐकू आली, आणि घरदार सोडून तो स्नानशुद्धीला अतोनात महत्त्व देणाऱ्या एका ख्रिस्ती-यहुदी पंथात जाऊन राहिला, अशी परंपरा आहे. त्या पंथात पोरगा मानी वाढला. तेथील लोक भाज्यासुद्धा विधिपूर्वक पाण्यात बुडवून शुद्ध करून खात. मानीला तो प्रकार पटेना. तोडावयास आलेल्या माणसाशी खजुरीचे झाड बोलले, कापलेल्या भाजीतून रक्त वाहिले, अशा कथा त्या कोलोनच्या पुस्तकात आहेत. वनस्पतीलाही वेदना होते ही जाणीव ह्या मनुष्यापाशी लहानपणापासूनच होती, एवढे त्या कथांवरून निःसंशय दिसते. बाराव्या वर्षी व पुन्हा चोविसाव्या वर्षी आपला दिव्य जुळा भाऊ आपल्यापुढे प्रकट झाला आणि त्याने सर्व रहस्य सांगितले, असे मानी म्हणे. त्यानंतर तो पंथ सोडून बाहेर पडला.

बाहेर पडल्यावर लवकरच, इ. स. २४० च्या सुमारास, तो गलबतात बसून हिंदुस्थानकडे आला. सिंधुमुखाचा प्रदेश आणि हल्लीच्या बलुचिस्तानात मोडणारे तुराण येथे तो फिरला. तुराणच्या राजाने त्याचा उपदेश ऐकून त्याला बुद्ध मानले, अशी संघातील आख्यायिका आहे. पुनर्जन्माचे मत मानीने हिंदूंकडून उचलले, असे अल्बेरुनीने आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात म्हटले आहे. आपल्याकडील काही लेखक एवढ्या आधारावर मानीच्या धर्माला भारतीय धर्माची शाखाच ठरवू पाहतात. तसे करणे आम्हास धाडसाचे वाटते. खजुरीचे झाड त्याच्याशी बोलले ते सिंधुतीरी येण्यापूर्वी. भिक्षुसंघाची रचना मात्र त्याने येथील श्रमणांकडे पाहून बांधली असावी हे संभवनीय आहे.

ह्या प्रवासातून मानीने एक विचार नेला, आणि तो विचार हीच त्याची खरी अपूर्वता होय. पूर्वी होऊन गेलेले पैगंबर खरेच होते, असे तो म्हणे. बुद्ध हिंदुस्थानात आला, जरथुस्त्र इराणात आला, येशू पश्चिमेत आला. परंतु प्रत्येकाचा धर्म एका देशात व एका भाषेत अडकून पडला. शिवाय त्यांपैकी कोणीही आपला ग्रंथ स्वहस्ते लिहिला नाही. शिष्यांनी मागाहून लिहिले, त्यात घोटाळे शिरले, संघात फूट पडली. आपला धर्म सर्व देशांत व सर्व भाषांत जाईल आणि आपले ग्रंथ आपण स्वतः लिहून ठेवू, अशी त्याची प्रतिज्ञा होती. इतर धर्म जगभर गेले ते परिस्थितीच्या ओघात. जगभर जाण्याचा आराखडा आधी आखून मग धर्म उभारणारा मानीसारखा दुसरा पुरुष इतिहासात आम्हास दिसत नाही. त्याने सिरियन भाषेत ग्रंथ लिहिले, शापूर बादशहासाठी इराणी भाषेत एक स्वतंत्र ग्रंथ रचला, आणि वाचावयास सोपी अशी सुटसुटीत लिपी प्रचारात आणली. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी त्याने चित्रांचे पुस्तक केले. पुढे फारशी काव्यात मानी हा पैगंबर म्हणून विसरला गेला व अद्वितीय चितारी म्हणून उरला, तो ह्या पुस्तकामुळे. संघाची उतरंडही त्याने आकडे घालून ठरविली होती : एक प्रमुख, बारा गुरू, बहात्तर धर्माध्यक्ष, तीनशे साठ उपाध्याय, आणि त्यांच्याखाली सर्व साधू व गृहस्थ.

ह्या धर्माची शिकवण थोडक्यात अशी. आरंभी प्रकाश आणि अंधकार ही दोन अनादि तत्त्वे वेगवेगळी होती. अंधकाराने प्रकाशावर चाल केली, आणि त्या झुंजीत प्रकाशाचे कण अंधकाराच्या पोटात अडकले. हे सर्व जग म्हणजे त्या अडकलेल्या कणांची सुटका करण्यासाठी उभारलेले प्रचंड यंत्र होय. चंद्र पंधरवडाभर फुगतो तो सुटलेले कण भरून घेणारी नौका म्हणून, आणि रोडावतो तो ते सूर्याच्या हवाली करतो म्हणून. वनस्पतीत, विशेषतः खरबूज व काकडीसारख्या फळांत, प्रकाश पुष्कळ. मांसात फार थोडा. संततीच्या उत्पत्तीने प्रकाश पुन्हा नव्या देहात कोंडला जातो, म्हणून विवाह हाच मुळी बंधनाचा दोर.

ह्यावरून अनुयायांचे दोन वर्ग पडले. 'निवडलेले' हे साधू. त्यांना मांस, मद्य, स्त्रीसंग व मालमत्ता वर्ज्य. एवढेच नव्हे, तर फळ तोडणे, धान्य कापणे, नांगर धरणे, अन्न शिजविणे हेही वर्ज्य, कारण त्यात प्रकाशाला इजा होते. दुसरा वर्ग 'श्रोत्यांचा', म्हणजे गृहस्थांचा. त्यांनी शेत पिकवावे, धान्य कापावे, पाप पत्करावे, आणि ते अन्न साधूंपुढे आणून ठेवावे. साधूने ते ग्रहण केले म्हणजे त्यातील प्रकाश मुक्त होई आणि दात्याचे तेवढे पाप क्षमा पावे. विरोधकांनी असे लिहिले आहे की, भाकरी हाती घेतल्यावर साधू तिलाच उद्देशून सांगे : तुला मी कापले नाही, दळले नाही, भाजले नाही, ज्याने केले त्याचे त्याला. हा विरोधकांचा उपहास धरला, तरी त्यामागचे तत्त्व संघाच्या स्वतःच्या ग्रंथांशी जुळते.

शापूर बादशहाने मानीला आपल्या राज्यात उपदेश करण्याची मोकळीक दिली. परंतु त्याच्यामागून दरबारात कर्दीर नावाच्या जरथुस्त्री मोबेदाचे प्राबल्य वाढले. नक्ष-इ-रुस्तम येथील आपल्या शिलालेखात ह्या कर्दीराने साम्राज्यात कोणकोणत्या धर्मांवर प्रहार झाले त्याची यादी मोठ्या अभिमानाने कोरविली आहे. तीत यहुदी, श्रमण, ब्राह्मण, ख्रिस्ती व 'झंदीक' अशी नावे येतात. हे झंदीक म्हणजे मानीचे अनुयायी. पहिल्या बहरामच्या कारकीर्दीत, इ. स. २७४ ते २७७ ह्यांच्या दरम्यान, मानीला जड साखळदंडांत जखडून गुंदेशापूरच्या तुरुंगात टाकण्यात आले व तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या स्मरणार्थ संघ दरवर्षी वसंतात एक उत्सव करी. मध्यभागी एक सजविलेले आसन मांडीत व ते रिकामे ठेवीत.

येथपर्यंतचा वृत्तान्त कोणत्याही विजयी धर्माच्या आरंभासारखाच आहे. हौतात्म्यही झाले, संघही तयार होता. मार अद्दा पश्चिमेस गेला, मार अम्मो पूर्वेस गेला. त्यांच्यामागे जी सामान्य माणसे ह्या धर्मात शिरली त्यांची ओळख मिसरातील दाख्ला मरुवनाने करून दिली आहे. तेथील केल्लिस ह्या ओस पडलेल्या गावात उत्खनन झाले, तेव्हा चौथ्या शतकातील एका कुटुंबाची खाजगी पत्रे घराच्या मातीत सापडली. मकारिओस हा बाप, मरिया ही आई, मत्थायोस व पिएने हे मुलगे. पत्रांत कापडचोपडाचे व्यवहार आहेत, प्रवासखर्चाची विवंचना आहे, आप्तेष्टांच्या नावांच्या लांबलचक यादीसह नमस्कार आहेत. आणि त्याच ओघात बाप मुलाला बजावतो की, ग्रीक असोत वा कॉप्टिक, तुझी स्तोत्रे रोज घोकीत जा. धाकट्या पिएनेला संघाच्या महागुरूने आपल्याबरोबर प्रवासास नेले आहे, कशासाठी, तर त्याला लॅटिन यावी म्हणून. एका मरुवनातल्या विणकरी घरातला मुलगा प्रचारासाठी तिसरी-चौथी भाषा शिकावयास निघतो, ह्यावरून त्या आराखड्याची पकड किती खोलवर पोचली होती हे ध्यानात येते.

मग हा धर्म बुडाला कशाने? पहिले उत्तर सुचते ते छळाचे. रोमन, इराणी, अरब आणि चिनी अशा चारही साम्राज्यांनी त्याला आळीपाळीने ठेचले, आणि अशा माराखाली कोणता धर्म वाचेल, असे पुष्कळ ग्रंथकार म्हणतात. आम्हास हे उत्तर पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण इतिहासानेच पुरविले आहे. एकाच राजाने दोन धर्मांवर जवळजवळ एकाच वेळी घाव घातला, असे प्रसंग दोन वेळा घडले आहेत.

पहिला प्रसंग रोमचा. डायोक्लेशियन बादशहाने इ. स. ३०२ च्या सुमारास आफ्रिकेच्या सुभेदाराला हुकूम पाठविला की, शत्रू इराणातून आलेल्या ह्या नव्या पंथाच्या पुढाऱ्यांना त्यांच्या पुस्तकांसकट जाळावे. पुढल्याच वर्षी, ३०३ मध्ये, त्याच बादशहाने ख्रिस्ती देवळे पाडण्याचा व ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. दहा वर्षे उलटली नाहीत तोच, ३१३ मध्ये, ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली. मानीचा धर्मही लगेच मेला नाही. त्याच आफ्रिकेत कार्थेजला शिकणारा ऑगस्टीन हा तरुण ३७३ च्या सुमारास त्याचा श्रोता झाला व नऊएक वर्षे राहिला. पुढे ख्रिस्ती होऊन, धर्माध्यक्ष होऊन, त्याने मानीच्या खंडनार्थ ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. गमतीची गोष्ट अशी की, मूळ पापाविषयीचे त्याचे मत म्हणजे छुपा मानीवादच होय, असा आरोप त्याच्या म्हातारपणी एका ख्रिस्ती प्रतिपक्ष्यानेच त्याच्यावर केला. परंतु सहाव्या शतकानंतर रोमन मुलखातून मानीचा संघ जवळजवळ दिसेनासा होतो.

दुसरा प्रसंग चीनचा. त्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. मध्य आशियातील समरकंदकडचे सोग्दी व्यापारी रेशमाच्या वाटेने चीनपर्यंत ये-जा करीत, आणि त्यांच्या काफिल्यांबरोबर मानीचे साधू पूर्वेकडे सरकले. ६९४ मध्ये त्यांच्यापैकी एक चिनी सम्राज्ञी वू हिच्या दरबारी पोचला. ७३१ मध्ये सम्राटाच्या आज्ञेवरून ह्या धर्माच्या तत्त्वांचे एक संक्षिप्त पुस्तक चिनी भाषेत तयार झाले. त्यात मानीला 'प्रकाशबुद्ध' म्हटले आहे. पुढल्याच वर्षी फर्मान निघाले की, हा बुद्धाचे नाव सांगणारा खोटा धर्म आहे, परदेशीयांनी तो पाळावा, चिन्यांनी पाळू नये. तीस वर्षांनंतर उइगुर तुर्कांचा खान बोगू हा चिनी बंडखोरांचा मोड करण्यासाठी सैन्यासह लोयांगला आला. तेथे त्याची सोग्दी साधूंशी गाठ पडली, आणि ७६३ मध्ये तो त्यांपैकी काही जणांना बरोबर घेऊनच परतला. कराबालगासून येथील शिलालेखात ह्या दीक्षेचे वर्णन आहे : जेथे रक्ताचा धूर उठत असे तेथे लोक शाकाहारी झाले, जेथे हत्या होत असे तेथे पुण्याचा उपदेश होऊ लागला. घोड्यावर जगणाऱ्या, मांस व घोडीच्या दुधाचे मद्य सेवन करणाऱ्या लोकांनी काकडीखरबुजाचा धर्म स्वीकारावा, हे आश्चर्यच होय. त्यात भक्ती किती आणि सोग्दी सावकारांची सोय किती, ह्याचा हिशेब आता कोण करणार? चीनच्या नगरांत मानीची मंदिरे उठली ती ह्या उइगुर मित्रांच्या दडपणाखाली.

८४० मध्ये किरगीझांनी उइगुर राज्य मोडले. ८४३ मध्ये तांग सम्राट वूझोंग ह्याने मानीची मंदिरे बंद करून त्यांची मालमत्ता जप्त केली. त्या वेळी चीनमध्ये असलेल्या एन्निन ह्या जपानी भिक्षूने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे की, मानीच्या साधूंची डोकी भादरून, त्यांना बौद्ध भिक्षूंसारखी कषाय वस्त्रे नेसवून ठार मारण्याचा हुकूम झाला. दोनच वर्षांनी तोच सम्राट बौद्धांवर उलटला. चार हजार सहाशे विहार पाडण्यात आले, दोन लक्ष साठ हजारांवर भिक्षु-भिक्षुणींना चीवर उतरावयास लावून करदात्यांच्या पटावर चढविण्यात आले. ८४६ मध्ये वूझोंग मेला आणि विहार पुन्हा उभे राहू लागले. मानीची मंदिरे राजधानीत पुन्हा उभी राहिली नाहीत.

दोन्ही ठिकाणी घाव सारखा. एक झाड पुन्हा फुटले, दुसरे फुटले नाही. तेव्हा भेद मुळांत शोधला पाहिजे. चिनी बौद्धांत बायझांग ह्या आठव्या-नवव्या शतकातील आचार्याच्या नावाने एक नियम चालत आला आहे, तो असा की, भिक्षूनेही शेतात राबावे, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही. पश्चिमेकडे सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना हाताने कष्ट करावयास लावले. मानीचा साधू कुदळ धरूच शकत नव्हता. त्याच्या धर्मात नांगराचा प्रत्येक फाळ प्रकाशाच्या अंगात रुतत होता. राजा रुष्ट झाला, श्रीमंत श्रोते पांगले, की त्याला भाकरीचा दुसरा मार्ग नव्हता.

येथे चतुर वाचक आम्हास अडवील. जैन मुनी तरी कोठे नांगर धरतात? त्यांची अहिंसा मानीच्या साधूहून रतिभरही उणी नाही, आणि तरी जैन धर्म अडीच हजार वर्षे टिकून आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेच वरील उत्तर आणखी एक पायरी खाली न्यावे लागते. प्रश्न साधूच्या कुदळीचा कमी, गृहस्थाच्या मनाचा अधिक आहे. जैन शास्त्रकारांनी हिंसेचे प्रकार पाडले : बुद्धिपुरस्सर केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, निर्वाहाच्या धंद्यात होणारी उद्योगी, आत्मरक्षणार्थ करावी लागणारी विरोधी. गृहस्थाने पहिली सर्वस्वी टाकावी. बाकीच्या शक्य तितक्या आवराव्या. स्वस्त्रीसंतोष हे त्याचे व्रत ठरले, म्हणजे विवाह त्याच्या धर्मात बसला. म्हणूनच व्यापारी जैनांप्रमाणे कोल्हापूर-सांगली-बेळगाव ह्या भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे जैनही आढळतात, आणि नांगर धरला म्हणून आपण धर्माबाहेर पडलो असे त्यांस वाटत नाही. त्यांचा श्रावक हा लहान जैन आहे, पण पुरा जैन आहे.

मानीच्या श्रोत्याची गोष्ट निराळी. त्याला दहा नियम होते, उपास होते, उत्सव होते, क्षमाही होती. नव्हते ते त्याच्या संसाराला धर्मात स्थान. त्याने लग्न केले ते चुकले, मूल झाले ते चुकले, शेत कापले ते चुकले. ह्या चुकांवाचून साधूचे पान वाढले जात नसे, म्हणून त्या सोसल्या जात. त्या केल्लिसच्या मरियाची पत्रे वाचताना हेच मनात येते. तिच्या घरातला एक मुलगा संघाने नेला; मागे राहिलेल्यांच्या जन्माला, विवाहाला, नातवंडांना त्या तत्त्वज्ञानापाशी आशीर्वाद नव्हता. तिचे प्रेम खरे होते, भक्ती खरी होती, परंतु तिच्या नातवाने ख्रिस्ती देवळात जावे ह्याला अडविणारे काहीही घरात उरत नव्हते. बौद्धांनी चीनमध्ये पितरांसाठी विधी केले, ख्रिस्ती धर्माने लग्न हा संस्कार मानला, इस्लामने तर वारसाहक्कापर्यंत गृहस्थाचे सारे आयुष्य आपल्या कायद्यात घेतले. मानीचा धर्म विद्वानाला तत्त्वज्ञान देई, साधूला मोक्ष देई, राजाला परदेशी लेखक व सावकार देई. कुणब्याला तो फक्त क्षमा देई.

दुसरेही एक वैगुण्य त्याच्या सामर्थ्यातूनच निघाले. ज्या देशात जावे तेथील देवांची नावे घ्यावी, ही मानीच्या प्रचारकांची रीत होती. ख्रिस्ती मुलखात त्यांचा तारक येशू, इराणात त्यांच्या देवतांना जरथुस्त्री नावे, चीनमध्ये मानीच बुद्ध. त्यामुळे प्रवेश सुलभ झाला, पण प्रत्येक ठिकाणी घरच्या धर्माला हा पाखंडी भाऊबंद वाटू लागला. ख्रिस्त्यांना तो भ्रष्ट ख्रिस्ती, दस्तुरांना भ्रष्ट जरथुस्त्री, चिनी दरबाराला तोतया बौद्ध. परक्याला समाज सोसतो, तोतयाला सोसत नाही. खलिफांच्या राज्यातही हेच झाले. यहुदी व ख्रिस्ती ह्यांना जिझिया देऊन राहता येई. 'झिंदीक' हा शब्द मात्र तेथे शिवीसारखा झाला, आणि खलिफा महदी ह्याच्या काळी, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, अशा लोकांना हुडकून काढण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आला. बगदादच्या इब्न-अन्-नदीमने ९८७ च्या सुमारास आपल्या ग्रंथसूचीत टिपून ठेवले आहे की, एके काळी ह्या शहरात मानीचे तीनशे अनुयायी आपल्या माहितीचे होते, आता पाचही नाहीत. ह्याच ग्रंथकाराने दुसरी एक हकीकत दिली आहे. समरकंदला ह्या पंथाचे पाचशे लोक गोळा झाल्याचे समजून तेथील सुभेदार त्यांना मारू लागला, तेव्हा पूर्वेकडील तुर्की राजाने निरोप धाडला की, तुमच्या राज्यात माझ्या धर्माचे जितके आहेत त्याहून माझ्या राज्यात तुमच्या धर्माचे अधिक आहेत, एकाला हात लावाल तर ह्या सर्वांचा सूड घेईन. सुभेदाराने जिझिया घेऊन प्रकरण मिटविले.

ह्या धर्माचा शेवटचा अध्याय चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फूज्यान प्रांतात घडला, आणि तो आमच्या म्हणण्याला एका अर्थी पुष्टी देणारा, एका अर्थी छेद देणारा आहे. राजधानीतून उखडल्यावर मानीचे काही साधू ह्या डोंगराळ मुलखात आले असावे. तेथे तो खेडुतांच्या शाकाहारी मंडळ्यांचा धर्म झाला. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख 'भाजी खाणारे भूतपूजक' अशा तुच्छतेने येतो. २००८ पासून त्या प्रांतातील श्यापू तालुक्यात गावच्या पुरोहितांच्या घरी हस्तलिखिते सापडू लागली आहेत. त्यांत पाऊस पडावा म्हणून करावयाची प्रार्थना आहे, मृताच्या उत्तरक्रियेचे विधी आहेत, आणि त्यांच्या मध्येच, कळत नाहीशा झालेल्या अक्षरांत, मूळच्या इराणी स्तोत्रांचे चिनी उच्चार उतरून ठेवले आहेत. पश्चिमेत ज्याने गृहस्थाच्या पेरणीला पाप म्हटले तो धर्म येथे पेरणीसाठी पाऊस मागू लागला होता. म्हणूनच तो येथे इतर सर्व देशांपेक्षा अधिक काळ टिकला. पण त्याला मानीचा धर्म म्हणावे काय, ह्यावर पंडितांत दोन मते होऊ शकतील.

च्वानचौ बंदराजवळ एका टेकडीवर त्साओ-आन नावाचे लहानसे दगडी मंदिर आहे. आत १३३९ साली कोरलेली मूर्ती आहे : पद्मासन, पण डोक्यावर बुद्धाचे कुरळे केस नाहीत, खांद्यावर सरळ बटा, हनुवटीवर दाढी, पाठीमागे प्रकाशाच्या लाटा. मंदिराजवळच्या खडकावर १४४५ मध्ये कोरलेल्या लेखात शुद्धता, प्रकाश, महाबल व प्रज्ञा ह्या चार गुणांसह प्रकाशबुद्ध मानीचे स्मरण करण्यास सांगितले होते. १९५७ मध्ये वू वेनल्यांग ह्या स्थानिक संशोधकाने ही मूर्ती मानीची असल्याचे सप्रमाण प्रसिद्ध केले, आणि २०२१ मध्ये च्वानचौच्या इतर प्राचीन वास्तूंबरोबर हे मंदिर जागतिक वारशाच्या यादीत घेतले गेले. आसपासच्या खेड्यांतील लोक त्यापूर्वीही तेथे उदबत्त्या लावीत होते. ही मूर्ती बुद्धाची, असे ते सांगत.